अर्थशास्त्रातले न मिटलेले वाद

2007 साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेने संशोधनक्षेत्रांच्या अधिकृत वर्गीकरणाची फेररचना हाती घेतली, तेव्हा आर्थिक विचारांचा इतिहास हा विषय अर्थशास्त्राच्या गटातून काढून इतिहास, पुरातत्त्व, धर्म आणि तत्त्वज्ञान यांच्या गटात ठेवण्याचा प्रस्ताव पुढे आला. वरकरणी ही केवळ कागदोपत्री हालचाल होती. प्रत्यक्षात अशा वर्गीकरणावर संशोधनाचा निधी, विभागांचे मूल्यमापन आणि पर्यायाने प्राध्यापकांच्या नेमणुका अवलंबून असतात. ज्या संशोधनाचे श्रेय अर्थशास्त्र विभागाच्या खात्यावर जमाच होणार नाही, ते संशोधन त्या विभागाने फार काळ पोसले नसते. अभ्यासकांनी हरकती घेतल्या आणि प्रस्ताव मागे पडला. पुढे युरोपीय संशोधन परिषदेच्या वर्गीकरणावरूनही असाच वाद झाला.

हे दोन प्रसंग निदान उघडपणे घडले. विद्यापीठांत हा विषय नाहीसा होतो तो कोणाच्या लक्षातही येणार नाही अशा रीतीने: आधी सक्तीचा पेपर ऐच्छिक होतो, मग विद्यार्थी पुरेसे नाहीत म्हणून तो एक वर्षाआड शिकवला जातो, आणि शिकवणारे प्राध्यापक निवृत्त झाले की त्यांच्या जागी अर्थमिती, म्हणजे आर्थिक आकडेवारीचे संख्याशास्त्रीय विश्लेषण, जाणणारा उमेदवार घेतला जातो. गेल्या अर्धशतकात अनेक नामांकित विद्यापीठांच्या डॉक्टरेट अभ्यासक्रमांतून हा विषय असाच गेला. त्याच्या जाण्याने नेमके काय बिघडते, हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला भावनिक उत्तर देऊन भागणार नाही. पूर्वसूरींचे ऋण, विद्यार्थ्यांचे सांस्कृतिक भरणपोषण, बहुश्रुतता ही उत्तरे मला पुरेशी वाटत नाहीत, कारण तीच कारणे रसायनशास्त्राच्या इतिहासालाही लागू पडतात आणि तरीही रसायनशास्त्राच्या पदवीत तो इतिहास सक्तीचा असावा असा आग्रह कोणी धरत नाही. अर्थशास्त्राच्या बाबतीत तो आग्रह धरण्याचे कारण या शास्त्राच्या घडणीतच आहे, असे माझे म्हणणे आहे: इथले अनेक वाद निकाली निघाले म्हणून संपलेले नाहीत, तर पुढच्या पिढीने ते घालणे सोडून दिले म्हणून संपलेले आहेत.

विरुद्ध पक्षाची बाजू आधी नीट मांडली पाहिजे, कारण ती मांडणारे सामान्य नव्हते. जे शास्त्र आपल्या संस्थापकांना विसरायला कचरते ते बुडाले, असे तत्त्वज्ञ व्हाइटहेड यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात म्हटले होते. शिकागोचे अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिग्लर यांनी 1969 मध्ये अर्थशास्त्राच्या भूतकाळाचा काही उपयोग आहे का असा थेट सवाल एका लेखात केला. जुन्या ग्रंथांतले जे टिकाऊ होते ते आजच्या सिद्धान्तात उतरलेलेच आहे. तेव्हा तरुण संशोधकाने मूळ ग्रंथ चाळण्यात वेळ घालवण्यापेक्षा ज्ञानाच्या आघाडीवर काम करावे, असा हा युक्तिवाद आहे. गंमत अशी की स्टिग्लर स्वतः या इतिहासाचे नाणावलेले अभ्यासक होते. उत्पादन आणि विभाजन यांविषयीच्या सिद्धान्तांचा जडणघडणीचा काळ हाच त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. म्हणजे ज्या शिडीने ते चढले ती इतरांना लागणार नाही, असे त्यांना वाटत होते.

या युक्तिवादात एक गृहीतक दडलेले आहे आणि ते स्टिग्लर यांच्या बाजारविषयक श्रद्धेशी अगदी मिळतेजुळते आहे. कार्यक्षम बाजारात उपलब्ध माहिती किमतीत उतरलेली असते, तशी कार्यक्षम शास्त्रात भूतकाळातली सगळी शहाणीव चालू पाठ्यपुस्तकात उतरलेली असते. कल्पनांचा बाजार खरोखरच इतका चोख असेल तर इतिहासाचा पेपर बंद करायला माझी हरकत नाही. पण तो तसा आहे का, हे कल्पनांचा इतिहास तपासल्याशिवाय ठरवता येत नाही. आणि तो तपासला की पुरावा उलट दिशेने जाऊ लागतो.

हेरमान गोसेन यांचे उदाहरण पाहा. 1854 मध्ये त्यांनी सीमांत उपयोगितेचा, म्हणजे वस्तूच्या आणखी एका नगापासून मिळणाऱ्या समाधानाचा, सिद्धान्त गणिती रूपात मांडणारे पुस्तक जर्मनमध्ये प्रसिद्ध केले. ते कोणी वाचले नाही. निराश होऊन त्यांनी उरलेल्या प्रती विक्रीतून काढून घेतल्या आणि 1858 मध्ये ते वारले. 1870 च्या दशकात जेव्हन्स, मेंगर आणि वालरा या तिघांनी तीच कल्पना स्वतंत्रपणे पुन्हा शोधली आणि अर्थशास्त्राची दिशा बदलली. जेव्हन्स यांना गोसेन यांचे नाव कळले ते 1878 मध्ये. कूर्नो यांनी 1838 मध्ये मक्तेदारी आणि दोन उत्पादकांमधील स्पर्धा यांचे जे विश्लेषण केले, तेही कित्येक दशके जवळजवळ अस्पर्शित राहिले. चांगली कल्पना कधी ना कधी वर येतेच, असे यावर म्हणता येईल. पण हे विधान ज्या कल्पना वर आल्या त्यांच्यावरून केलेले असते. ज्या आल्या नाहीत त्यांची मोजदाद कोण करणार?

तरीही विस्मरणात गेलेल्या कल्पना हा माझा मुख्य पुरावा नाही. त्याहून वजनदार पुरावा आहे तो ज्या वादांत एका पक्षाने चूक कबूल केली, आणि तरीही पाठ्यपुस्तके त्याच पक्षाच्या म्हणण्यावर चालू राहिली, अशा वादांचा. भांडवलाच्या मोजमापाचा वाद हा त्यांतला सर्वांत बोलका आहे आणि तो थोडा सविस्तर सांगितला पाहिजे.

पाठ्यपुस्तकात उत्पादन फलन नावाचे एक सूत्र असते. त्यात श्रम आणि भांडवल हे दोन घटक घातले की उत्पादन बाहेर पडते, आणि भांडवलाच्या सीमांत उत्पादकतेवरून, म्हणजे थोडे अधिक भांडवल लावल्याने उत्पादनात पडणाऱ्या भरीवरून, नफ्याचा दर ठरतो. इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या अर्थशास्त्रज्ञ जोन रॉबिन्सन यांनी 1953-54 मध्ये एक साधा दिसणारा प्रश्न विचारला: हे भांडवल मोजायचे कशात? यंत्रे, इमारती, अर्धवट तयार माल यांची बेरीज टनांत होत नाही, ती पैशातच करावी लागते. पण एखाद्या यंत्राची पैशातली किंमत काढायची तर त्यापासून पुढे मिळणाऱ्या उत्पन्नाला नफ्याच्या दराची वजावट लावावी लागते. म्हणजे नफ्याचा दर शोधण्यासाठी भांडवलाचे प्रमाण हवे आणि भांडवलाचे प्रमाण शोधण्यासाठी नफ्याचा दर आधीच माहीत हवा. 1960 मध्ये केंब्रिजच्या पिएरो स्राफा यांनी शंभर पानांच्या आसपासचे एक आटोपशीर पुस्तक प्रसिद्ध केले. नफ्याचा दर बदलत जाईल तसे एक उत्पादनतंत्र आधी फायद्याचे, मग तोट्याचे आणि नंतर पुन्हा फायद्याचे ठरू शकते, हे त्यातून दिसून आले. असे घडू शकत असेल, तर व्याजाचा दर उतरला की उद्योग अधिक भांडवलप्रधान तंत्राकडे वळतात, हे पाठ्यपुस्तकातले विधान सर्वकाळ खरे राहत नाही.

इंग्लंडच्या केंब्रिजमधल्या या हल्ल्याला अमेरिकेतल्या केंब्रिजमधून, म्हणजे पॉल सॅम्युएलसन आणि रॉबर्ट सोलो यांच्या एमआयटीतून उत्तर आले. संपूर्ण अर्थव्यवस्थेच्या पातळीवर असे उलटसुलट घडू शकत नाही, असे सिद्ध केल्याचा दावा 1965 मध्ये झाला. तो दावा चुकीचा असल्याचे पासिनेत्ती आणि इतरांनी दाखवून दिले. आणि 1966 मध्ये सॅम्युएलसन यांनी समारोपाचा लेख लिहून मूळ आक्षेप तर्कशुद्ध असल्याचे प्रामाणिकपणे मान्य केले. अर्थशास्त्रात इतकी स्वच्छ कबुली क्वचितच मिळते.

मग पुढे काय झाले? काहीच झाले नाही. एकत्रित उत्पादन फलन आजही समग्रलक्षी अर्थशास्त्राच्या पहिल्या पुस्तकापासून मध्यवर्ती बँकांच्या प्रारूपांपर्यंत सर्वत्र वापरले जाते. त्याचा बचाव करता येत नाही असे नाही. व्यवहारात असे उलटे बदल दुर्मीळ असतील, ढोबळ अंदाजासाठी सूत्र पुरेसे असेल, प्रत्येक शास्त्र काही सोयीची सरलीकरणे वापरते, ही सगळी उत्तरे विचारात घेण्याजोगी आहेत. पण ती उत्तरे द्यावी लागतात हेच विद्यार्थ्याला माहीत नसते. त्याला एक सूत्र मिळते, पण त्या सूत्राच्या पायाशी एक तर्कदोष आहे, तो मान्य झालेला आहे आणि सोयीखातर बाजूला ठेवलेला आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. अशा विद्यार्थ्याने पुढे सरकारी समितीत बसून व्याजदर आणि गुंतवणूक यांच्या नात्यावर ठाम विधाने केली तर दोष त्याचा नाही. या वादावर दोन तास शिकवायला कुठल्याही विभागाजवळ वेळ असतो. फक्त ते ज्या पेपरात शिकवायचे तो पेपरच उरलेला नाही.

दुसरे उदाहरण एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचे इंग्रज अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डो यांचे. पाठ्यपुस्तकात रिकार्डो येतात ते तुलनात्मक लाभाच्या सिद्धान्तापुरते. 1817 च्या त्यांच्या ग्रंथात इंग्लंड आणि पोर्तुगाल, कापड आणि वाइन असे उदाहरण आहे: ठरावीक कापडासाठी इंग्लंडला वर्षभर शंभर माणसांचे श्रम लागतात आणि वाइनसाठी एकशेवीस जणांचे, तर पोर्तुगालला अनुक्रमे नव्वद आणि ऐंशी. दोन्ही वस्तू पोर्तुगालमध्ये कमी श्रमात होत असूनही त्याने वाइन करावी आणि कापड इंग्लंडकडून घ्यावे, यात दोघांचा फायदा आहे. ही अर्थशास्त्रातली एक खरोखर चकित करणारी कल्पना आहे. पण रिकार्डो यांनी तिथेच स्पष्ट केले होते की हे सर्व भांडवल देशाबाहेर सहज जात नाही म्हणून घडते. धनिक आपल्या देशात कमी नफ्यावर समाधान मानतात आणि ही भावना क्षीण झाली तर आपल्याला वाईट वाटेल, असेही ते म्हणाले. भांडवल एका दिवसात खंड ओलांडणाऱ्या जगात मूळ युक्तिवादाचे काय होते, हा प्रश्न त्यांच्या पानावरच ठेवलेला आहे. पाठ्यपुस्तकात उदाहरण आले, अट गळाली.

याहून महत्त्वाची गोष्ट त्याच ग्रंथाच्या 1821 च्या तिसऱ्या आवृत्तीत आहे. रिकार्डो यांनी यंत्रांवर एक नवे प्रकरण घातले, आणि यंत्रांमुळे अखेर सर्व वर्गांचे भले होते हे आपले पूर्वीचे मत चुकले होते, असे त्यात लिहिले. त्यांचा हिशेब असा होता: भांडवलदाराने आपल्या मजुरांपैकी काहींना वर्षभर यंत्र बनवण्यावर लावले, तर त्या वर्षी मजुरांच्या उदरनिर्वाहाच्या वस्तू कमी तयार होतात, पुढच्या वर्षी त्याचा नफा पूर्वीइतकाच राहील, पण ज्यातून मजुरी द्यायची ते एकूण उत्पादन घटलेले असेल. मालकाचे काही बिघडत नाही आणि तरीही मजुरांची संख्या गरजेपेक्षा जास्त ठरते. यंत्रांविषयी कामगारांना वाटणारी भीती अडाणीपणातून आलेली नसून अर्थशास्त्राच्या बरोबर तत्त्वांशी सुसंगत आहे, हा निष्कर्ष त्यांनी इंग्लंडमध्ये यंत्रे फोडणाऱ्या कामगारांच्या उठावाला दहा वर्षेही झाली नसताना काढला. त्यांचे अनुयायी मॅककलॉक यांना हा धक्का सहन झाला नाही आणि त्यांनी पत्र लिहून गुरूला जाब विचारला. यंत्रांना अडवू नये, नाहीतर भांडवल परदेशी जाईल, असेही रिकार्डो यांनी त्याच प्रकरणात म्हटले आहे, हे इथे सांगितले पाहिजे. अर्धे रिकार्डो उद्धृत करणे हा त्यांच्यावर दुसऱ्यांदा केलेला अन्याय होईल.

आज कृत्रिम बुद्धिमत्तेने रोजगारावर काय परिणाम होईल या चर्चेत, तंत्रज्ञानाने नोकऱ्या जातात असे म्हणणाऱ्याला सरसकट अर्थशास्त्राचा गंध नसलेला ठरवले जाते. एकूण कामाचे प्रमाण ठरावीक असते या भ्रमाचा तो बळी आहे, असे त्याला ऐकवतात. रिकार्डो यांना तो भ्रम नव्हता. त्यांचा युक्तिवाद काळाच्या क्रमावर उभा होता: यंत्र आधी येते, त्यातून वाढणारी बचत आणि त्या बचतीतून निर्माण होणारा रोजगार नंतर येतो, आणि मधल्या काळात ज्यांची रोजीरोटी गेली त्यांना दीर्घकालीन समतोल पोट भरायला उपयोगी पडत नाही. या युक्तिवादाला उत्तर असू शकते. पण ते देण्याआधी तो युक्तिवाद दोनशे वर्षांपूर्वी शास्त्राच्या अग्रणीनेच केला होता, हे माहीत असले पाहिजे.

फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ से आणि इंग्रज अर्थशास्त्रज्ञ माल्थस यांचा वाद अधिक प्रसिद्ध आहे, म्हणून तो थोडक्यात आटोपतो. पुरवठाच आपली मागणी निर्माण करतो आणि म्हणून सर्व बाजारांत एकाच वेळी मालाचा साठा पडून राहणे अशक्य आहे, या से यांच्या आणि रिकार्डो यांनीही उचलून धरलेल्या मताला माल्थस यांनी 1820 मध्ये विरोध केला. त्यांची मांडणी गोंधळलेली होती आणि रिकार्डो यांची रेखीव होती, त्यामुळे रिकार्डो जिंकले. महामंदीने हा विजय खोटा ठरवला आणि 1936 मध्ये केन्स यांनी माल्थस यांना परत आणले. धर्मन्यायालयाने स्पेन जिंकला तसा रिकार्डो यांनी इंग्लंड जिंकला, असे त्यांनी लिहिले. पण त्यानंतर केन्स यांच्याही वाट्याला तेच आले. 1937 मध्ये हिक्स यांनी त्यांचा सिद्धान्त दोन छेदणाऱ्या रेषांच्या आकृतीत बसवला. ती आकृती पिढ्यान्‌पिढ्या वर्गात काढली गेली आणि आकृतीत न मावणारी गोष्ट गळून पडली: भविष्याविषयी आपल्याला संभाव्यतेचे आकडेही ठाऊक नसतात आणि गुंतवणूक त्या अंधारात होते, हा केन्स यांचा मुद्दा, जो त्यांनी त्याच वर्षी एका लेखात पुन्हा ठासून सांगितला होता. हिक्स यांनीच उतारवयात आपली आकृती वर्गातल्या साधनापलीकडे फारशी उपयोगाची नाही अशी कबुली दिली. पुन्हा कबुली, आणि पुन्हा पाठ्यपुस्तकावर परिणाम शून्य.

2008 च्या नोव्हेंबरात राणी एलिझाबेथ यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये, हे आर्थिक संकट कोणाच्या लक्षात कसे आले नाही, असे विचारले. लक्षात येण्यासाठी लागणारी सामग्री छापील होती. कर्जबाजारीपण आणि घसरत्या किमती एकमेकांना कशा खाली ओढतात हे आयर्व्हिंग फिशर यांनी 1933 मध्ये लिहिले होते. स्थैर्याच्या काळातच बँका आणि कर्जदार धाडसी होत जातात आणि म्हणून स्थैर्यच अस्थैर्याला जन्म देते, हे हायमन मिन्स्की आयुष्यभर सांगत राहिले आणि 1996 मध्ये वारले. संकटानंतर अचानक सगळ्यांना मिन्स्की आठवले. फिशर आणि मिन्स्की वाचले असते तर संकट टळले असते, असा दावा मी करणार नाही. तो करणे भाबडेपणाचे होईल. पण बँका आणि कर्जे ज्यांत जवळपास नव्हतीच, अशी प्रारूपे वापरणाऱ्यांना आपण काय वगळले आहे याची जाणीव राहिली असती, इतके म्हणायला जागा आहे.

इथवरचा युक्तिवाद अर्थशास्त्रज्ञांपुरता झाला. नागरिकाचाही या प्रश्नाशी संबंध आहे, कारण सार्वजनिक चर्चेत अर्थशास्त्र येते ते बहुधा थोर नावांच्या आधाराने. ॲडम स्मिथ यांचे नाव घेऊन जे खपवले जाते ते पाहिले की याची खात्री पटते. स्वार्थातूनही नकळत सर्वांचे हित साधणाऱ्या अदृश्य हाताचा उल्लेख 1776 च्या त्यांच्या महाग्रंथात एकदाच येतो, आणि तोही परदेशापेक्षा स्वदेशात भांडवल गुंतवणे सुरक्षित मानणाऱ्या व्यापाऱ्याच्या संदर्भात. त्याच ग्रंथात त्यांनी व्याजदरावरच्या कायदेशीर मर्यादेचे समर्थन केले आहे, कारण मर्यादा नसेल तर पैसा उधळ्यांकडे आणि सट्टेबाज योजना आखणाऱ्यांकडे जाईल. या मुद्द्यावर 1787 मध्ये तत्त्वज्ञ बेंथम यांनी त्यांना बाजारवादी बाजूने धारेवर धरले. लहान रकमेच्या बँकनोटांवर बंदी घालणे हा नैसर्गिक स्वातंत्र्याचा भंग आहे हे स्मिथ मान्य करतात, आणि आग पसरू नये म्हणून दोन घरांमध्ये भिंत बांधण्याची सक्ती हाही तसाच भंग आहे, म्हणून दोन्ही रास्त, असे म्हणतात. श्रमविभागणीने संपत्ती वाढते हे सांगणारे स्मिथ, आयुष्यभर एकच क्रिया करणारा मजूर माणूस जितका मंद होऊ शकतो तितका मंद होतो असेही सांगतात आणि त्यावर उपाय म्हणून सरकारी खर्चाने प्राथमिक शिक्षण सुचवतात. यावरून स्मिथ समाजवादी ठरत नाहीत. ते खुल्या बाजाराचेच कैवारी होते. परंतु कुठल्या मुद्द्यावर आणि कोणाच्या विरोधात, याचे त्यांचे तारतम्य त्यांच्या नावाने बोलणाऱ्यांत उरलेले नाही.

सिद्धान्त हा एका काळाच्या आणि ठिकाणाच्या परिस्थितीतून घडतो, हे पुण्यात 1892 साली न्यायमूर्ती रानडे यांनी डेक्कन कॉलेजातल्या व्याख्यानात मांडले होते. जर्मन अर्थशास्त्रज्ञ लिस्ट यांच्यासह युरोपातल्या टीकाकारांचा आढावा घेत, इंग्लंडच्या गृहीतकांवर उभे असलेले अर्थशास्त्र सर्व समाजांना नैसर्गिक नियमासारखे लागू करता येणार नाही, असे ते म्हणाले. त्या व्याख्यानाचा बराचसा भाग आर्थिक विचारांचा इतिहासच होता. तसे करण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हते: प्रस्थापित सिद्धान्त अटळ नाही हे दाखवायचे तर तो अस्तित्वात नव्हता तेव्हा लोक काय विचार करत होते आणि तो कसा रूढ झाला, हे सांगावेच लागते.

माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत सबळ आक्षेप स्टिग्लर यांचा नाही, आजच्या संशोधकांचा आहे. गेल्या तीन-चार दशकांत अर्थशास्त्र सिद्धान्ताकडून आकडेवारीकडे वळले आहे. किमान वेतन वाढवल्याने रोजगार घटतो का, हा प्रश्न आता तत्त्वचर्चेने न सोडवता, शेजारच्या दोन प्रदेशांतली स्थिती ताडून पाहून सोडवला जातो. मग जुने वाद कशाला उकरायचे? या वळणाचे मला कौतुकच आहे, आणि त्याने काही जुने वाद खरोखर निकाली निघतील. पण आकडेवारीतून उत्तर मिळते ते विचारलेल्या प्रश्नाचे. मजुरी ही मजुराच्या सीमांत उत्पादकतेइतकी असते असे मानणारा संशोधक जे प्रश्न विचारील, त्याहून वेगळे प्रश्न, मालक नेहमीच मूकपणे संगनमत करून मजुरी दाबून ठेवतात असे मानणारा विचारील. हे दुसरे मत स्मिथ यांचे आहे. ज्या बाजारात श्रमाचा खरेदीदार, म्हणजे मालक, एकच असतो किंवा मोजके असतात, तिथे किमान वेतन वाढवूनही रोजगार टिकू शकतो, हे विश्लेषण जोन रॉबिन्सन यांनी 1933 मध्ये केले होते. 1990 च्या दशकात नव्या पाहण्यांनी नेहमीच्या अंदाजाविरुद्ध निष्कर्ष दिले, तेव्हा त्यांचा अर्थ लावायला तेच विश्लेषण बाहेर काढावे लागले. पुरावा आणि इतिहास यांत भांडण लावण्याचे काही कारण नाही.

मात्र या विषयाच्या कैवाऱ्यांनी त्याचे जे नुकसान केले आहे त्याबद्दलही बोलले पाहिजे. बऱ्याच ठिकाणी हा पेपर म्हणजे नावांची मिरवणूक असतो. व्यापारवादी आले, निसर्गवादी आले, सनातनवादी आले, प्रत्येकाची जन्मतारीख, तीन वैशिष्ट्ये आणि चार दोष लिहून घेतले आणि परीक्षेत उतरवले. असा पेपर बंद झाला तर कोणाचेच काही बिघडणार नाही, आणि तो बंद करणाऱ्यांना मी दोष देणार नाही. दुसरा प्रकार याहून फसवा आहे: मुख्य प्रवाहावर रुष्ट असलेले अर्थशास्त्रज्ञ या विषयाला आपला आश्रम बनवतात, आणि मार्क्स, केन्स किंवा हायेक यांपैकी आपल्या आराध्याने सगळे आधीच सांगून ठेवले होते, एवढेच विद्यार्थ्यांच्या मनावर ठसवतात. थोर माणसे चुकतात आणि त्यांच्या चुका सिद्ध होतात, हेही इतिहासच शिकवतो. जेव्हन्स यांनी 1865 मध्ये इंग्लंडचा कोळसा काढणे महाग होत गेल्याने देशाची भरभराट थांबेल असे भाकीत केले, ते चुकले. त्याच पुस्तकातले त्यांचे दुसरे निरीक्षण, की इंजिने काटकसरी झाली की कोळशाचा वापर घटत नाही, उलट वाढतो, आज ऊर्जा-धोरणात रोज उपयोगी पडते. एकाच लेखकातले हे दोन भाग वेगळे करता येणे, ही या अभ्यासाची खरी परीक्षा आहे, आणि आराध्यदैवत मानणाऱ्याला ते जमत नाही.

म्हणून मागणी नेमकी असावी. पदवी पातळीवर एक सक्तीचा पेपर, तो अर्थशास्त्र विभागातच, आणि संप्रदायांच्या यादीऐवजी पाच-सहा वादांभोवती रचलेला: रिकार्डो आणि माल्थस यांचा मागणीविषयीचा, मेंगर आणि श्मोलर यांचा अभ्यासपद्धतीविषयीचा, मिझेस, लांगे आणि हायेक यांचा नियोजनात किमतींचा हिशेब शक्य आहे का याविषयीचा, दोन केंब्रिजांचा भांडवलाविषयीचा, केन्स आणि फ्रीडमन यांच्या अनुयायांचा चलनवाढ आणि बेरोजगारी यांविषयीचा. प्रत्येक वादात दोन्ही बाजूंची मूळ पाने वाचायला लावावीत, भाष्ये नव्हेत; ही पाने एकंदरीत तीनशेच्या पलीकडे जाणार नाहीत. परीक्षेत विद्यार्थ्याला हरलेल्या बाजूचा युक्तिवाद तिच्या समर्थकालाही मान्य होईल अशा रीतीने मांडायला सांगावे आणि मग तो खोडायला सांगावे.

हा पेपर पहिल्या वर्षात ठेवण्याची जी रीत आहे ती मात्र मोडली पाहिजे. प्रास्ताविक म्हणून, गोष्टीरूप आणि सोपा म्हणून तो आरंभी दिला जातो, आणि ज्याने अजून उत्पादन फलन पाहिलेले नाही त्याला त्यावरचा आक्षेप समजणार नाही, हे कोणी ध्यानात घेत नाही. त्याची जागा शेवटच्या वर्षात आहे: विद्यार्थ्याने प्रारूपे शिकून घेतली आहेत, त्यांचा हात बसला आहे, त्यांच्यावर त्याचा थोडाफार विश्वासही बसला आहे, अशा वेळी त्याच्यासमोर 1966 चा सॅम्युएलसन यांचा लेख ठेवावा.